उपडी घागर

भरवेलीच्या रस्त्यावर घर असलं की टिप्परच्या आवाजाची आणि काळ्या धुळीची सवय होते. सकाळी ओटा झाडावा, तर दुपारी पुन्हा तळपायाला मँगनीजची भुकटी लागते. एप्रिलपासून त्यात उन्हाची भर. बालाघाटचा उन्हाळा कोरडा. दोरीवर टाकलेलं लुगडं हातातली बादली खाली ठेवेपर्यंत वाळतं. ओठांना तूप लावावं लागतं. माठाखालची वाळू सारखी भिजवावी लागते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते याच कोरड्या दिवसांत आणि भर दुपारी झालं. रात्री मला गाढ झोप लागते. रात्रीचं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

माझी नात मयुरी साखरपुड्यासाठी पुण्याहून घरी आली होती. साखरपुडा झाला, मुलाकडचे नागपूरला परत गेले, पण ती महिनाभर राहिली. तिचं काम लॅपटॉपवर चालतं. समोरच्या खोलीत दिवाणावर मांडी घालून ती बसायची आणि मी खाली बसून चिंचा फोडायची. एक दिवस मी विचारलं, "दिवसभर काय पाहून राह्यली वो?"

"पाणी," ती म्हणाली.

"पाणी पाहाले पुण्याला जावं लागते? वैनगंगा काय आटली?"

"लय दूरचं पाणी आहे, आजी. दुसऱ्या आकाशगंगेतलं."

मग तिने समजावून सांगितलं. काही आकाशगंगांच्या अगदी मध्ये काळं विवर असतं आणि त्याच्याभोवती पाण्याच्या वाफेचे ढग गरगर फिरतात. त्या वाफेतून रेडिओच्या लहरी निघतात. लहरीत झालेल्या फरकावरून वाफ किती जोराने पळते ते कळतं. आणि खूप लांब लांब ठेवलेल्या दुर्बिणींनी मिळून पाहिलं की आकाशात तो ढग किती सरकला तेही दिसतं. दोन्ही जुळवलं की ती आकाशगंगा किती लांब आहे ते निघतं.

मला ते लगेच पटलं, कारण मी जन्मभर टिप्पर पाहिले आहेत. फाटकासमोरून जाणारा टिप्पर सपकन नजरेआड होतो. तोच टिप्पर खदानीच्या टेकाडावर मुंगीसारखा दिसतो. चाल तीच. चाल माहीत असली आणि डोळ्याला किती सरकला ते दिसलं, तर टेकाड किती लांब ते घरबसल्या सांगता येईल.

"म्हंजे तिथं जावं नाई लागत?"

"नाई लागत."

"आन् तिथं कोणी आहे का नाई, ते?"

ती हसली. "तेवढं नाई समजत, आजी."

मी असं का विचारलं ते तिला ठाऊक होतं.

मयुरी रांगत होती तेव्हाची गोष्ट. माझा मुलगा सुखराम उकव्याच्या पलीकडे जंगलात एका ठेकेदाराच्या खदानीत कामाला होता. छोटी खदान होती, आता ती नाही. एका पावसाळ्यात बाजूची भिंत खचली आणि आत पाणी भरलं. पंप लावून पाणी उपसलं. आत होते ते सगळे सापडले, सुखराम तेवढा सापडला नाही. तळ दिसला, त्याच्या पहारीसकट सगळी हत्यारं सापडली. सायकल वर मोहाच्या झाडाला टेकून उभी होती, आणि कुलपाची किल्ली कुलपालाच होती.

ठेकेदाराचा मुनशी कागद घेऊन घरी आला. म्हणाला, अंगठा लावा, मुलगा वारला असं लिहिलं आहे. मी म्हटलं, मला वाचता येत नाही. तो म्हणाला, म्हणून तर मी वाचून दाखवतो आहे. मी म्हटलं, मी स्वतः वाचेन आणि मग ठरवेन. मी तेव्हा भरवेलीला दगड निवडायच्या कामावर होते. सुट्टीनंतर साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसायला लागले. केस पांढरे व्हायला लागलेली बाई लेकरांच्या पाटीवर क गिरवते म्हणून बाया हसायच्या. वाचता यायला लागलं तेव्हा तो कागद मी सगळा वाचला. सही येत होती, पण केली नाही. मेलेला दाखवा, मग सही करते, म्हणाले.

तेव्हापासून सुखराम आमच्या घरी ना जिता ना मेला. माझी सून साधना कुंकू लावते, पण हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नाही. श्राद्ध आम्ही करत नाही. आणि अखाजीला त्याची घागर भरत नाही.

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्यात त्या दिवशी मेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, गळ्याला सूत, तोंडावर खरबूज. भरणारा उजव्या हाताची पाच बोटं कुंकवात बुडवून घागरीच्या पोटावर उठवतो आणि नाव घेऊन बोलावतो, ये, पाणी पी. ते पाणी नाव घेतलेल्याचं. जित्या माणसाने त्याला तोंड लावायचं नाही. ज्याची घागर एकदा भरली तो मेला, मग त्यावर बोलायला जागा राहत नाही.

त्या वर्षी माझा धाकटा दीर मोतीलाल किरनापूरहून अखाजीच्या चांगला आठवडाभर आधीच आला. मोटारसायकलवर पोत्यात गुंडाळून त्याने नवी घागर आणली होती.

"कोणाची हे?" मी विचारलं.

"सुखरामची." त्याने पाणीसुद्धा मागितलं नाही. "लगीन आहे पोरीचं, वहिनी. पत्रिकेत बापाच्या नावापुढं स्वर्गीय छापाचं का नाई? कन्यादानाले कोण बसन? मुलाकडचे मले विचारून राह्यले. मी का सांगू, आमचा पुतण्या हवेत लटकला आहे?"

"सांगा, कामावरून आला नाई अजून."

"तुमी चार बुकं काय वाचली, वकीलच झाल्या."

"वकील नाई झाली, भाऊजी. अंगठा वाचवला माह्या."

साधना दारात उभी होती. ती कधी मध्ये बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "आई, मी तुमच्या शब्दाबाहेर कधी गेली नाई. पण मी कोण आहो ते तरी ठरवा. हळदीले मी पोरीले हात लावू का नको लावू?"

तिचं खोटं नव्हतं. ते मला लागलं. पण मी म्हटलं, "लाव. तू सवासीन आहेस. कोण अडवते ते मी पाह्यतो."

"आन् तो सपनात पाणी मागून राह्यला असन, तर?" मोतीलाल म्हणाला.

"माह्या सपनात तर नाई आला. तुमच्या आला का?"

त्याने मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली. घागर मात्र परत नेईना. म्हणाला, अखाजीला चारचौघांना घेऊन येतो, तेव्हा कशा नाही म्हणता ते पाहतो. तो गेल्यावर मी ती घागर समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात नेली आणि चुंबळीवर उपडी ठेवली. उपड्या घागरीत कोणी पाणी भरत नाही.

दोन दिवसांनी कुरडयांची पहिली तक्रार आली. गच्चीवर घातलेल्या कुरडया वाळेनात. शेजारच्या नूतनच्या कुरडया त्याच उन्हात कडकडीत, आमच्या बोटाला चिकटत होत्या. मी म्हटलं, साधनाचा चीक पातळ झाला असेल. मग बरणीतलं मीठ पाझरलं. काडेपेटीची काडी घासली की गूल गळून पडायचा. मी कूलर बंद करायला लावला. गच्चीवरची टाकी पाहिली, नळाचे जोड पाहिले, भिंतींना हात लावून पाहिला. भिंती तापलेल्या आणि कोरड्या होत्या.

दुपारी जेवण झाल्यावर साधना आरशासमोर उभी राहायची, तेव्हा आरशावर वाफ धरलेली असायची. ती पुसायची, पुन्हा धरायची. दिवस कलला की आपोआप जायची. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं.

"आजी, ये वास किसका है?" मयुरीने एका दुपारी विचारलं.

मला वास आधीच ओळखू आला होता. पावसाळ्यात खदानीच्या तोंडाशी उभं राहिलं की येतो तसा, ओल्या दगडाचा, गार. तिला म्हटलं, चिंचांचा असेल.

त्याच दिवसांत तिचं काम बिघडलं. ती रात्रंदिवस तेच गणित पुन्हा पुन्हा मांडत होती आणि जेवायला बोलावलं की चिडत होती. शेवटी मी लॅपटॉपसमोर ताट ठेवलं आणि खाली बसले. "सांग."

"एक गॅलेक्सी आहे, आजी. तिचं अंतर प्रत्येक बारी कमी निघून राह्यलं. पहिल्या निरीक्षणातून काढलं तर एक, दुसऱ्यातून काढलं तर त्याहून कमी, तिसऱ्यातून अजून कमी. असं होऊच शकत नाई. ती तर दूर जायले पाह्यजे."

"गलती असन."

"सर भी यही बोलते हैं. म्हणते, टाकून दे ही गॅलेक्सी, बाकीच्या बऱ्या आहेत. हिच्यापाई पूरा पेपर अटकन."

"आन् तू काय म्हणते?"

"मी शंभर बार पाह्यलं. गलती नाई आहे." तिने ताट सरकवलं. "पण लिहू कशी? लोक हसतील."

"मी पाटी घेऊन बसली तेव्हा माह्यावरही लोक हसले. जे आलं ते लिही."

ती जेवायला लागली. थोड्या वेळाने मी सहज विचारलं, "तिथून कोणी इकडं पाह्यलं तर आपण दिसू का?"

"आत्ताचे नाई दिसणार. इथला उजेड तिथं पोचायले करोडो साल लागते. तोपर्यंत आपण कुठले?" तिने घास घेतला. "उनके हिसाब से तो हम कब के मर चुके, आजी."

ती हसली. मीही हसले. माझी पाठ कोपऱ्याकडे होती, आणि पाठीला गार लागत होतं.

वळून पाहिलं तर घागरीला घाम आला होता.

नव्या घागरीत पाणी भरलं की ती बाहेरून पाझरते, हे लहान पोरालाही माहीत आहे. ही घागर कोरडी होती आणि उपडी होती. तिच्या पोटावर बारीक थेंब जमून खाली ओघळत होते. चुंबळ भिजली होती. मी बोट फिरवून जिभेला लावलं. पाण्याला लोखंडासारखी चव होती. साधना आली, तिने पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला.

"भरून टाका, आई," ती हळूच म्हणाली. "ते मागून राह्यले."

"पाणी मागणारा घागर रिकामी करते. ही तर पाझरून राह्यली."

हे मी बोलून गेले. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

साधना म्हणाली घागर बाहेर ठेवू. मयुरी म्हणाली पुण्याला निघून जाते, कदाचित आपल्यामुळेच असेल. मी दोघींनाही नाही म्हटलं. घर माझ्या मजुरीचं आहे. घागर कोपऱ्यात राहील, पोरगी दिवाणावर राहील, मी माझ्या चिंचा फोडीन. ज्याला यायचं असेल त्याने दारातून यावं आणि तोंड दाखवावं. दार दुपारभर उघडं ठेवायला मी सुरुवात केली. लूचा गरम वारा आत यायचा, आणि तरी आरसा ओला.

अखाजीच्या दिवशी मोतीलाल खरंच चारचौघांना घेऊन आला. त्याची बायको, नात्यातले वडीलधारे डोमाजी बुवा, आणखी दोघं-तिघं नातलग. पळसाच्या पत्रावळी, आंबे, खरबूज, कुंकवाची वाटी, सगळं बरोबर आणलं होतं. ऊन डोक्यावर होतं. आत आल्याबरोबर बाया थबकल्या, कारण खोली गार होती.

"कूलर चांगला आहे," डोमाजी बुवा म्हणाले.

"बंद आहे," साधना म्हणाली.

मी कोपऱ्यात घागरीसमोर बसले होते. मोतीलाल म्हणाला, "उठा वहिनी. आज नाई ऐकत मी."

"मी जिती आहो तोवर माह्या पोराची घागर भरत नाई."

"बारा गावचे लोक समजावून थकले. तुमचाच हेका."

"माह्याच पोटचा आहे."

मयुरी दिवाणावर होती. मांडीवर लॅपटॉप उघडा होता. ती आमच्याकडे पाहत नव्हती, पडद्याकडे पाहत होती.

मोतीलालने मला बाजूला केलं नाही, तेवढी लाज त्याला आहे. त्याने माझ्या खांद्यावरून हात घालून घागर उचलायला पाहिलं. ती उचलली गेली नाही. दोन्ही हात लावले. मानेच्या शिरा फुगल्या.

"चिखलानं चिपकली का?" डोमाजी बुवा पुढे झाले. दोघांनी मिळून ती कशीबशी फिरवली आणि सरळ केली.

घागर काठोकाठ भरलेली होती.

उपडी घागर सरळ करताना एक थेंब सांडला नाही. पाणी हललंसुद्धा नाही. ते काळसर आणि स्वच्छ होतं.

गळ्याला सूत होतं. आम्ही बांधलं नव्हतं.

पोटावर पाच बोटं उठलेली होती. कुंकवाची नव्हे. मँगनीजच्या ओल्या चिखलाची, काळी.

मोतीलालची बायको हात जोडून खाली बसली. "आला वो बाप्पा. आला पाण्याले."

"डाव्या हाताचे आहेत," डोमाजी बुवा बोटांकडे पाहत म्हणाले. "डाव्या हातानं कोणी घागर भरते का?"

"ते डावखुरे होते," साधना म्हणाली.

रस्त्यावरून टिप्पर गेला. त्याने खिडकी थरथरली, पाणी थरथरलं नाही.

मी त्या बोटांकडे पाहत होते. पाणी प्यायला आलेला घागर रिकामी करतो, ही तर भरलेली होती. तेव्हा मला माझंच बोलणं कळलं.

"भाऊजी," मी म्हटलं, "घागर कोण भरते?"

"म्हंजे?"

"जिता भरते का मेला?"

"जिता भरते. मेलेल्यासाठी." तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याचा चेहरा उतरला.

"मंग सुखराम जिता आहे. माह्या पोरानं घागर भरली." मी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "आता तुमी सांगा, कोणासाठी?"

डोमाजी बुवांनी हातातली कुंकवाची वाटी हळूच खाली ठेवली. मयुरीने लॅपटॉप मिटला. तिचे ओठ पांढरे झाले होते.

माझा घसा कोरडा पडला होता. मी हे लपवत नाही. इतकी तहान मला आयुष्यात लागली नव्हती, आणि पाणी हाताच्या अंतरावर होतं, गार. माझा हात घागरीच्या काठापर्यंत गेलाही होता.

मी हात मागे घेतला. घागर कमरेवर घेतली. मला ती जड लागली नाही. अंगणात नेली आणि कडुलिंबाजवळ उन्हात उभी राहिले.

"सुखराम," मी म्हटलं, "तुही माय मेली नाई. माह्यासाठी भरू नको. याचं असन तर घरी ये, जेवाले वाढतो."

आणि घागर पालथी केली.

पाणी बराच वेळ पडत होतं, एका घागरीत मावेल त्यापेक्षा जास्त वेळ. खाली भेगाळलेली माती होती. ती भिजली नाही. काळी पडली नाही. पाणी पडत होतं आणि माती कोरडी होती.

घागर मी तिथेच दगडावर फोडली. मोतीलाल आणि बाकीचे न जेवता निघाले. जाताना कोणी माझ्या पाया पडलं नाही, आणि मोतीलालची बायको माझ्यापासून जरा लांबून गेली.

दुसऱ्या दिवशी कुरडया वाळल्या. आरसा कोरडा राहिला. मयुरी आणखी थोडे दिवस राहिली. त्या आकाशगंगेचं अंतर आता घटत नाही, एका जागी थांबलं आहे, असं तिने जाताना सांगितलं. कुठे थांबलं ते मी विचारलं, तिने सांगितलं नाही. पण ती आकाशगंगा तिने यादीतून काढली नाही. सर रागावले, पेपर अडकला, तरी जे आलं ते तिने लिहिलं. साधना आता कुंकू मोठं लावते आणि बोलावलं नाही तरी हळदीकुंकवाला जाते. मोतीलालचा निरोप आला, पत्रिका तुम्हाला हवी तशी छापा.

लग्न डिसेंबरात ठरलं. पत्रिकांचा गठ्ठा थंडीच्या दिवसांत गोंदियाहून आला. सकाळची वेळ होती, रस्त्यावर धुकं होतं, सायकलवरून पाळीला जाणाऱ्या मजुरांच्या तोंडातून वाफ निघत होती. साधनाने ओट्यावर बसून गठ्ठा सोडला. "पाहा आई," ती म्हणाली, आणि तिच्याही तोंडापुढे पांढरी वाफ आली. "स्वर्गीय नाई. नुसतं सुखराम."

मला धूसर दिसत होतं. मी चष्मा काढला, काच तोंडाजवळ धरली आणि हाऽ केलं. काच तशीच राहिली. पुन्हा केलं, छातीत होता नव्हता तेवढा श्वास सोडून. काचेवर वाफ धरली नाही. साधना माझ्याकडे पाहत होती.

मी काच पदराने कोरडीच पुसली आणि पत्रिका वाचायला घेतली.